जुन्या बाजारातला मायक्रोमीटर

पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टाकडून डेंगळे पूल ओलांडला की कुंभार वेस लागते. तिथून मंगळवार पेठेच्या बाजूला वळले की रविवारी आणि बुधवारी रस्त्याकडेला जुना बाजार दिसू लागतो. जवळच्या चौकाला शाहीर अमर शेखांचे नाव आहे. बार्शीचे हे शाहीर म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज मैदाने भरून टाकत असे. अशा माणसाच्या नावाच्या चौकाजवळ गोरगरिबांचा बाजार भरावा, हे आम्हाला नेहमीच शोभून दिसते.

या बाजारात काय मिळत नाही? पितळी नळ, घड्याळांचे सुटे भाग, जुनी नाणी, लष्करी बूट, शिवणयंत्राची चाके, बंद पडलेले मोबाइल, बिजागऱ्या, कुलुपाविना किल्ल्या आणि किल्लीविना कुलुपे. प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर माल मांडलेला असतो. गिऱ्हाईक उकिडवे बसते, वस्तू उलटीपालटी करते, भाव विचारते आणि मान हलवून पुढे सरकते. एका टोकाला हत्यारांची दुकाने लागतात. पाने, पक्कड, कानशी, ड्रिल, टॅप आणि डाय यांचे ढीग असतात. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांच्या पेट्या, बंद पडलेल्या वर्कशॉपचे सामान, भंगारवाल्याने निवडून बाजूला काढलेला माल, असे सगळे फिरत फिरत इथे येते. याच ढिगांत अधूनमधून एखादे मोजमापाचे नाजूक हत्यारही सापडते.

आम्ही गेलो ते अशाच एका हत्याराच्या शोधात. आम्ही तिघे होतो: आम्ही स्वतः, आमचे भाईजान आणि आमच्या मरहूम बहनोईंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा. भाईजानांनी तीस वर्षे लेथवर काढली आहेत. भाचा आयटीआय करून भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करतो. वडील गेल्यापासून घरात त्याच्या विद्यावेतनाचा आणि आईच्या शिलाईचाच काय तो आधार. महिन्यापूर्वी त्याच्या हातून झालेले चाळीस शाफ्ट तपासणीत नापास झाले. माप होते २० मिलिमीटर, आणि नकाशावर मुभा होती फक्त २१ मायक्रॉनची. म्हणजे जॉब १९.९७९ ते २०.००० च्या आत हवा. भाच्याने प्रत्येक शाफ्ट मोजला होता आणि त्याच्या वहीत सगळी मापे बरोबर होती. दोष निघाला तो वर्कशॉपमध्ये दहा हातांतून फिरणाऱ्या सामाईक मायक्रोमीटरमध्ये. तो दीड शतांश चुकीचे दाखवत होता आणि त्याचे शून्य कित्येक महिन्यांत कोणी तपासलेले नव्हते. मालकांनी सर्वांना बजावले की यापुढे प्रत्येकाने आपले माप-हत्यार स्वतःचे आणावे. उमेदवारी संपल्यावर कायम कोणाला करायचे, हे तीन महिन्यांत ठरणार होते.

नव्या, नावाजलेल्या बनावटीच्या मायक्रोमीटरला शहरातल्या दुकानदाराने आम्हाला चार हजारांच्या आसपास किंमत सांगितली. साधा घ्यायचा तर नऊशे-हजारात मिळत होता. आपाने शिलाईतून बाजूला टाकलेले पंधराशे रुपये भाच्याच्या हातावर ठेवले. त्या पंधराशेत काय बसते ते पाहायला आम्ही रविवारी सकाळी बाजारात उतरलो.

ज्या वाचकांचा या हत्याराशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. शाळेच्या विज्ञानात आपण याला स्क्रू गेज किंवा सूक्ष्ममापी म्हणतो. घोड्याच्या नालेसारखी एक चौकट असते. तिच्या एका टोकाला न हलणारा खुंट म्हणजे अ‍ॅन्व्हिल, आणि समोरून पुढे-मागे सरकणारा दांडा म्हणजे स्पिंडल. दांड्याला बारीक आटे असतात. एक फेरा फिरवला की दांडा अर्धा मिलिमीटर सरकतो. फिरणाऱ्या टोपीवर, म्हणजे थिंबलवर, ५० रेघा असतात. अर्ध्या मिलिमीटरचे ५० भाग केले की एका रेघेचा अर्थ होतो एक शतांश मिलिमीटर. आपल्या वहीचा साधा कागद सुमारे दहा शतांश जाड असतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतके अंतर हे हातात मावणारे हत्यार दाखवते. फ्रान्समधल्या झां पामर यांनी १८४८ मध्ये याचे पेटंट घेतले. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते ब्राउन आणि शार्प या अमेरिकी कारखानदारांच्या नजरेस पडले आणि तिथून ते जगभरच्या कारखान्यांत गेले. तत्त्व आजही तेच आहे: सगळा भरवसा आट्यांवर आणि समोरासमोरच्या दोन सपाट तोंडांवर.

भाईजानांनी घरून निघताना खिशात चार वस्तू घेतल्या होत्या: एक धुतलेले सुती फडके, कोऱ्या कागदाची घडी, नवे ६०८ नंबरचे बेअरिंग आणि १० मिलिमीटरची पोलादी गोळी. भाच्याने विचारले, "मामू, बेअरिंग कशाला?"

"अरे, बाजारात स्लिप गेज कोण घेऊन बसलंय?" भाईजान म्हणाले. "हे बेअरिंग पोरांच्या स्केटमध्ये असतं. चाळीस-पन्नास रुपयांचा माल. पण याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. साध्या प्रतीच्या बेअरिंगलाही त्यात फक्त नऊ मायक्रॉनपर्यंत कमी असायची मुभा असते, जास्त असायची अजिबात नाही. मात्र याची रुंदी मोजू नकोस. तिथे मुभा बरीच मोठी असते."

आम्हाला ही गोष्ट फार आवडली. वर्गात मुलांना मापन शिकवताना आम्ही सांगतो की माप म्हणजे तुलना. अनोळखी वस्तू ओळखीच्या वस्तूशेजारी ठेवून पाहायची. भाईजान ओळखीची वस्तू खिशात घेऊनच निघाले होते.

पहिला मायक्रोमीटर एका तरुण दुकानदाराकडे दिसला. भाव फक्त तीनशे. वरून काळपट होता, पण काळपटपणाला भाईजान घाबरत नाहीत. बाह्यांगाचा रंग उडालेला असला तर कामात काही बिघडत नाही, असे ते म्हणतात. त्यांनी थेट दोन तोंडे पाहिली. स्पिंडलच्या तोंडावर गंजाने खाल्लेले दोन खड्डे होते आणि अ‍ॅन्व्हिलच्या कडेचा टवका उडाला होता. चौकटीच्या कमानीवर घाव होता, म्हणजे हत्यार कधीतरी जोरात खाली पडले असणार. डाग पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही. तोंडे पुन्हा घासून सपाट करता येतात, पण त्या कामाला हत्याराच्या किमतीहून अधिक खर्च येतो. "तीनशेला महाग आहे," एवढेच बोलून भाईजान उठले.

थोडे पुढे गेल्यावर भाच्याचे डोळे चमकले. लाल कापडावर एक मायक्रोमीटर ठेवलेला होता. क्रोम लखलखीत, अक्षरे रेखीव, तोंडांवर कार्बाइड बसवलेले. फिरवून पाहिला तर लोण्यातून सुरी जावी तसा सरकत होता. दुकानदाराने आठशे सांगितले. भाच्याने आमच्याकडे पाहिले. त्याच्या हिशोबात सातशे रुपये शिल्लकही राहत होते.

भाईजानांनी चौकटीची मागची बाजू उन्हाकडे धरली. तिथे एका ठिकाणी क्रोम खरवडून काढलेले होते, बोटभर लांब. कारखान्यांत प्रत्येक मापन-हत्यारावर नंबर कोरलेला असतो. त्याच नंबराने त्याची नोंद आणि तपासणी होते. इथे तो नंबर ग्राइंडरने घासून टाकला होता.

"दादा, हे कुठून आलं?" भाईजानांनी विचारले.

"कंपनीतनं. लॉटमध्ये," दुकानदार म्हणाला.

"लॉटचं बिल आहे?"

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले. भाईजानांनी मायक्रोमीटर लाल कापडावर अलगद ठेवला, आणि आम्ही पुढे निघालो.

भाचा काही पावले गप्प होता. मग म्हणाला, "मामू, आपण कुठे चोरलंय? तो तर विकायलाच बसलाय. आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल."

त्याचे बोलणे आम्हाला खटकले, पण त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ते समजण्यासारखेही होते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला चार हजारांची चीज आठशेत दिसत होती आणि घरी आई मशीनवर वाकून बसलेली होती. भाईजान चहाच्या टपरीपाशी थांबले आणि शांतपणे बोलले. कोरलेला प्रत्येक नंबर चोरीचा नसतो. कारखाने जुना माल लिलावात रीतसर काढतात. त्यात नंबर तसाच राहतो, कोणाला तो घासायची गरज पडत नाही. काही कामगार आपले नाव स्वतःच कोरून ठेवतात, तोही दोष नाही. पण नंबर कोणी मुद्दाम घासला असेल, तर विकणाऱ्याला काहीतरी लपवायचे आहे. शिवाय ज्याच्या खात्यातून ते हत्यार गायब झाले, त्या कुठल्याशा स्टोअरकीपरच्या किंवा कामगाराच्या पगारातून ते भरून घेतले गेले असेल. "तुझ्यासारख्याच एखाद्या पोराच्या पगारातून," भाईजान म्हणाले. "त्या हत्याराने मोजलेला शाफ्ट पास होईल बेटा. पण त्याची रोजी तुझ्या आईला खाऊ घालशील?"

भाच्याने उत्तर दिले नाही. कपातला चहा संपवला आणि कप टोपलीत टाकला. आम्हीही अधिक काही बोललो नाही. जाणूनबुजून चोरीचा माल घेणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे त्याला मक्तबमध्ये शिकवलेले होते. ते अशा भर बाजारात आठवावे लागते, एवढेच.

चहा पिताना भाईजानांनी किमतीचा हिशोबही समजावला. जुन्या हत्याराची किंमत नव्याच्या भावापासून मोजायला सुरुवात करायची. चांगल्या बनावटीचे, निर्दोष जुने हत्यार नव्याच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. त्यातून प्रयोगशाळेतल्या तपासणीचा खर्च वजा करायचा, कारण तपासल्याशिवाय ते कामावर नेता येणार नाही. पेटी नसेल, शून्य जुळवायची छोटी किल्ली नसेल तर तेही वजा. जे उरेल त्याच्या वर जायचे नाही. आणि ही वजाबाकी करूनही आकडा साध्या नव्या मायक्रोमीटरच्या किमतीच्या बराच वर जात असेल, तर थांबून विचार करायचा. संशयास्पद जुन्यापेक्षा पावती असलेले साधे नवे केव्हाही बरे. मात्र हत्यार मुळात चांगल्या पोलादाचे असेल आणि जपून वापरलेले असेल, तर ते साध्या नव्याच्या पुढे अनेक वर्षे टिकते.

बाजाराच्या पार टोकाला, एका झाडाच्या सावलीत, एक वयस्कर बाबा बसले होते. त्यांच्याकडे माल थोडा, पण एकेक वस्तू तेल लावून पुसलेली. एका चपट्या लाकडी पेटीत जुना मायक्रोमीटर होता. क्रोम कडेने झिजले होते, थिंबलची खवलेदार पकड हातांनी गुळगुळीत झाली होती. चौकटीवर कोणा कामगाराच्या नावाची दोन आद्याक्षरे कोरलेली होती.

"कोणाचा हा, बाबा?" भाईजानांनी विचारले.

"आमच्या गल्लीतल्या टर्नरचा. ते वारले, त्यांच्या मुलाने पेटी दिली विकायला. किल्ली हरवलीय, ते आधीच सांगतो. आणि टोकाला, पंचवीसच्या जवळ, जड जातो. पैसे पंधराशे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एवढ्या बाजारात आपल्या मालाची खोट स्वतः सांगणारा पहिलाच माणूस भेटला होता.

भाईजान खाली बसले. आधी त्यांनी मायक्रोमीटर, बेअरिंग आणि गोळी असे तिन्ही बाबांच्या लोखंडी ऐरणीवर सावलीत ठेवले आणि दहा मिनिटे तसेच राहू दिले. पोलाद उष्णतेने वाढते. २५ मिलिमीटरच्या तुकड्याचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर तो सुमारे तीन मायक्रॉनने लांबतो. एक वस्तू खिशातून तापून आलेली आणि दुसरी सावलीत गार पडलेली असेल तर तुलना खोटी ठरते. जगभर मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात. पुण्याच्या रस्त्यावर ते कुठून मिळणार? पण दोन्ही वस्तू एकाच तापमानाला आणणे तरी हातात असते.

मग तपासणी सुरू झाली. पहिले काम, तोंडे साफ करणे. कोऱ्या कागदाची पट्टी दोन तोंडांत हलकेच पकडून ओढून काढली. कागदावर तेलाची काळी रेघ उमटली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा फिकट, तिसऱ्यांदा कागद कोरा. तोंडांवरचा धुळीचा एक कणही शून्य बिघडवतो, म्हणून हे आधी.

दुसरे, शून्य. भाईजानांनी टोकाची रॅचेट फिरवली, तिचे तीन टिकटिक आवाज झाले आणि तोंडे मिटली. रॅचेटमुळे दर वेळी दाब सारखा पडतो. अंगठ्याने आवळले तर प्रत्येकाचे माप निराळे येते. शून्याची रेघ रेघेवर बसत नव्हती, एक शतांश पुढे होती. भाच्याचा चेहरा पडला. भाईजानांनी तोंडे उघडली, पुन्हा मिटली. पुन्हा तेच एक शतांश. अशी पाच वेळा. पाचही वेळा तेवढेच.

"हे बघ," ते भाच्याला म्हणाले, "चुकतो, पण दर वेळी तितकाच चुकतो. ही चूक किल्लीने स्लीव्ह जरा फिरवली की निघते. दर वेळी वेगळं दाखवणारं हत्यार मात्र दुरुस्त होत नाही. वर्कशॉपमधल्या त्या मायक्रोमीटरचं शून्य रोज सकाळी कोणी बघितलं असतं, तर तुझे चाळीस शाफ्ट गेले नसते."

तिसरे, चाल. स्पिंडल शून्यापासून पंचवीसपर्यंत सावकाश फिरवला. मधल्या भागात, जिथे रोजचे काम होते, तिथे दांडा पकडून हलवून पाहिला. तसूभरही खेळ नव्हता. बाविसाच्या पुढे मात्र खरोखरच जड जात होता. इथे भाईजानांनी एक बारीक खूण सांगितली. मधले आटे झिजलेले असले तर मध्ये दांडा ढिला लागतो. तो ढिलेपणा काढायला कोणी आतला नट आवळला, तर न झिजलेली टोके जड होतात. म्हणजे मध्ये ढिला आणि टोकाला जड, ही झिजेची खूण. मध्ये घट्ट-नेटका आणि फक्त टोकाला जड असेल, तर बहुधा तिथे वाळलेले तेल बसलेले असते. बाबांची परवानगी घेऊन त्यांनी थिंबलसकट दांडा पूर्ण बाहेर काढला. आटे चकचकीत होते, गंजाचा ठिपका नाही, पण शेवटच्या आट्यांत पिवळट डिंकासारखे तेल थिजलेले दिसत होते.

चौथी, ओळखीची मापे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास तीन जागी मोजला. एक शतांशाची शून्यातली चूक वजा केली की तिन्ही वेळा काटा बाविसाच्या रेघेवर, किंचित अलीकडे. मग १० मिलिमीटरची गोळी तोंडांच्या मधोमध धरून मोजली, आणि नंतर वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या कडेला धरून. पाचही ठिकाणी एकच माप आले. तोंडे एकमेकांना समांतर नसती, तर कडेकडेला माप बदलले असते. भाच्यानेही सगळी मापे स्वतः घेतली. त्याचे आकडे आणि भाईजानांचे आकडे जुळले.

बाबा हे सारे कौतुकाने पाहत होते. शेवटी म्हणाले, "ज्यांचा होता ते पण असंच कागद ओढून पुसायचे."

आता भाव. नवा चार हजार, निम्मे दोन हजार. तपासणीला चारशे सांगितले होते, किल्लीला शंभर-दीडशे, आणि साफसफाई. भाईजानांनी हिशोब लपवला नाही, बाबांपुढे मोठ्याने मांडला आणि अकराशे म्हणाले. बाबा तेराशेवर आले. मग त्यांनी भाच्याकडे पाहून विचारले, "तुलाच पाहिजे का रे?" त्याने मान हलवली. बाराशेवर सौदा झाला. भाईजानांनी मागितल्यावर बाबांनी एका चिठ्ठीवर तारीख, वस्तूचे वर्णन आणि रक्कम लिहून सही करून दिली. आठशेच्या लखलखीत मायक्रोमीटरला अशी चिठ्ठी मिळाली नसती.

जोहरची नमाज जवळच्या मशिदीत पढून आम्ही परतलो. वाटेत भाच्याने विचारले की बाबांनी खोट सांगितली नसती, तर आपल्याला कळली असती का. भाईजान म्हणाले, कळली असती. "पण त्यांनी सांगितल्यामुळे बाकीचं जे त्यांनी सांगितलं, त्यावरही विश्वास बसला." आम्हाला त्या वेळी मदिनेच्या बाजारातली घटना आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आपण (स.) यांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, अशी ताकीद दिली. कुरआनच्या ८३ व्या सूरहची, सूरह मुतफ्फिफीनची, सुरुवातच मापात कमी देणाऱ्यांविषयीच्या इशाऱ्याने होते. आम्ही वर्षानुवर्षे हे तराजू आणि किराण्याच्या संदर्भात ऐकत आलो. कारखान्यातला एक शतांशही त्याच हुकमाखाली येतो, हे त्या दिवशी नव्याने जाणवले. तो शाफ्ट ज्या यंत्रात बसेल, त्या यंत्रापाशी उभा राहणारा माणूस आपल्याला कधी भेटणार नाही. त्याचा भरवसा आपल्या मापावर असतो.

घरी रॉकेलने आटे धुतले, टोकाचे थिजलेले तेल विरघळले आणि पातळ तेलाचा एक थेंब दिल्यावर दांडा शेवटपर्यंत सारखा फिरू लागला. बाजारातून किल्ली आणून शून्य जुळवले. मग भाचा तो घेऊन एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत गेला. तिथे स्लिप गेज लावून तो दहा ठिकाणी तपासला गेला: २.५, ५.१, ७.७, १०.३ असे करत २५ पर्यंत. ही विचित्र वाटणारी मापे मुद्दाम निवडलेली असतात. ५, १०, १५ अशी सरळ मापे घेतली, तर थिंबल दर वेळी एकाच जागी थांबते आणि फेऱ्यातली चूक लपून राहते. सर्वांत मोठी चूक निघाली तीन मायक्रॉनची, २२.८ वर. या आकाराच्या मायक्रोमीटरला डीआयएन ८६३ या जर्मन मानकात चार मायक्रॉनची मर्यादा आहे. हत्यार पास झाले.

त्या प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेने आपले स्लिप गेज कोणाकडून तपासून घेतले, तेही लिहिलेले होते. त्या संस्थेने आपली मापे आणखी वरच्याशी पडताळलेली असतात. देशात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तिच्या वर मीटरची व्याख्या आहे, जी १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर बांधलेली आहे. उर्दू-अरबी शिकलेल्यांना हे लगेच उमगेल. हदीसच्या सनदीत जसा प्रत्येक रावी आपण कोणाकडून ऐकले ते सांगतो आणि प्रत्येकाची पारख होते, तशीच ही मापाची सनद. मधली एक कडी कच्ची असेल तर पुढचे सगळे कच्चे.

एकंदर खर्च बाराशे, तपासणीचे चारशे, किल्लीचे एकशेवीस. पंधराशेच्या वर जे दोनशेवीस गेले, ते भाईजानांनी दिले. भाचा आता रोज सकाळी जॉबला हात लावण्याआधी कागद ओढून तोंडे पुसतो, शून्य पाहतो आणि ते वहीच्या समासात लिहितो. वर्कशॉपमधल्या आणखी दोघा मुलांनीही समास आखले आहेत. कायम होण्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. अल्लाह त्याच्या मेहनतीत बरकत देवो.

आपल्या घरांतली पुष्कळ मुले आयटीआयला जातात, फिटर, टर्नर, मशिनिस्ट होतात. त्यांना पहिले हत्यार घेऊन देण्याची वेळ आली, तर घरातल्या मोठ्यांनी एक रविवार त्यांच्यासाठी काढावा. ओळखीतल्या एखाद्या जुन्या कारागिराला सोबत न्यावे. जाताना नव्याचा भाव विचारून जावे आणि खिशात एक बेअरिंग असू द्यावे. चकाकी शेवटी पाहावी. आधी तोंडे, मग शून्य, मग चाल, मग ओळखीचे माप. आणि या सर्वांच्या आधी चौकट उलटी करून पाहावी, नंबर घासलेला तर नाही ना.